टोरॉन्टोत दवाखान्यात ब्लॅक रुग्णांच्या वंशाची माहिती घेतात. तिच्यावर हक्क कुणाचा: हॉस्पिटलचा, सरकारचा की त्या समाजाचा?

समाजाचा. बाकीच्यांनी ती फक्त सांभाळायची. सर्व्हर ज्याचा त्याचा हक्क, असं असतं तर माझे पैसे कधीच बँकेचे झाले असते.

कोविडच्या काळात मी टोरॉन्टोतल्या एका आरोग्य केंद्रात डेटाचं काम करायचे. सुरुवातीला ऑन्टारियो प्रांतात कोविड रुग्णाचा वंश विचारतच नव्हते. ब्लॅक डॉक्टरांनी आणि संघटनांनी लावून धरलं, तेव्हा शहराने मे २०२० पासून विचारायला घेतलं. जुलैअखेर आकडे आले: लोकसंख्येत ब्लॅक ९ टक्के, रुग्णांत २१ टक्के. पण चर्चा कशाची, तर शहरातला जेन-फिंच भाग कसा 'हॉटस्पॉट' आहे याची. तिथली माणसं कारखान्यात, वृद्धाश्रमात रोज कामावर जात होती, घरी बसायची सोय नव्हती, हे बातमीच्या खालच्या परिच्छेदात.

त्याच सुमारास बाहेरच्या काही संशोधकांनी आमच्याकडे रुग्णांच्या माहितीची फाइल मागितली. नावं काढलेली, पण वय, पोस्टल कोडची पहिली तीन अक्षरं, वंश आणि जन्मदेश ठेवलेला. आमचे साहेब म्हणाले, "देऊन टाक, नावं कुठे आहेत?" अहो, एम३एन मध्ये, म्हणजे जेन-फिंचच्या कोडमध्ये, सत्तरीपुढची, अमुक एका छोट्या देशात जन्मलेली ब्लॅक बाई एकच असेल तर नाव हवंय कशाला? मी विषय केंद्राच्या ब्लॅक सल्लागार मंडळापुढे नेला. साहेब भडकले. मंडळात एक जमैकन आजी होत्या, निवृत्त नर्स. त्यांनी संशोधकांना एवढंच विचारलं, "यातून आमच्या बिल्डिंगखाली चाचणीची गाडी येणार का?" सगळे म्यूटवर.

तरी मंडळाने नाही म्हटलं नाही. जन्मदेश काढा, पाचपेक्षा कमी माणसं असतील तो आकडा झाका, आणि निष्कर्ष छापण्याआधी आम्हाला दाखवा. संशोधकांनी तिथल्या तिथे मान्य केलं. साहेब मात्र पुढे प्रत्येक मीटिंगमध्ये 'हिच्या मंडळामुळे उशीर झाला' हेच ऐकवत राहिले. साहेब, वाचत असाल तर सांगते: मंडळाचा होकार तुमच्या इनबॉक्समध्ये 'बघतो' म्हणून पडून होता.

आणि हे माझ्या डोक्यातलं खूळ नव्हे. ऑन्टारियोतल्या ब्लॅक आरोग्य-तज्ज्ञांच्या ब्लॅक हेल्थ इक्विटी वर्किंग ग्रुपने २०२१ मध्ये 'ईगॅप' नावाची चौकटच मांडली: समाजाचा सहभाग, कारभारात अधिकार, स्वतःच्या माहितीपर्यंत पोहोच आणि संरक्षण. कॅनडाच्या मूळ रहिवाशांनी, फर्स्ट नेशन्सनी, मालकी आणि ताब्याची अशीच तत्त्वं १९९८ मध्येच मांडली होती.

'एवढा संशय कशाला' म्हणणाऱ्यांनी कार्डिंग आठवावं. पोलीस रस्त्यात माणूस अडवून त्याची माहिती कार्डावर टिपायचे, आणि त्यात ब्लॅक तरुण लोकसंख्येच्या मानाने फारच जास्त. जून २०२२ मध्ये टोरॉन्टोच्या पोलीस प्रमुखांनी बळाचा वापर आणि झडत्यांच्या स्वतःच्याच आकडेवारीवरून माफी मागितली, तर तिथेच एका ब्लॅक कार्यकर्तीने ती नाकारली. बरोबर केलं. आपल्याकडे पारध्यांना विचारा, सरकारी नोंद काय करते ते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, पोलिसांची नजर कुठे गेली?

आता कायद्याचं विचारत असाल, तर ऑन्टारियोचा २००४ चा आरोग्य माहिती कायदा हॉस्पिटलला राखणदार मानतो आणि हक्क एकेका रुग्णाला देतो. समाज त्यात नाहीच. शिवाय समाज म्हणजे कोण, हीही भानगड आहेच. सोमाली पोरांच्या वतीने जमैकन आजींनी बोलावं का? आमच्या मंडळातही यावरून वाजलंच.

आणि म्हणून माहितीच घेऊ नका, असं मुळीच म्हणत नाहीये. आकडेच नसले की 'आमच्याकडे भेदभाव नाही' म्हणायला साहेब लोक मोकळे. तुमच्यासमोर फॉर्म आला तर रिसेप्शनवर विचारा, ही माहिती कोण बघतं, त्यात समाजाची माणसं आहेत का. धड उत्तर मिळालं तर भरा. नाही मिळालं तर 'सांगायचं नाही' वर खूण करा, उपचार अडत नाहीत.