नर्सिंगच्या मुलींना औषधं द्यायला शिकवण्यासाठी कोणता मोबाइल गेम चांगला?

गेम नाही, खेळ सांगते. जळगाव जिल्ह्यात जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या मुलींना शिकवते मी.

पहिल्या वर्षाची पोरगी झोपेतून उठवली तरी पाच राइट्स (योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ) घडाघडा म्हणते. आणि वॉर्डात जाऊन विचारते, "मंगलबाई पाटील ना?" आमच्याकडे फीमेल वॉर्डात अर्ध्या पाटील. कमी ऐकू येणारी आजी कशालाही "हा माय" म्हणते. माझ्यासमोर बीपीची गोळी भलत्याच आजीच्या ओठांशी गेली होती. मनगट धरलं म्हणून वाचलो.

त्याच संध्याकाळी मेसच्या टेबलावर वॉर्ड मांडला. धुतलेल्या रिकाम्या बाटल्या, केसपेपर, शेजारी-शेजारी दोन मंगलबाई. एक पोरगी आजी, सगळ्याला "हा माय" म्हणणारी. दोघींचं काम फक्त व्यत्यय: "सिस्टर, सलाईन संपलं!" जिचा ट्रे, तिने "तुमनं नाव काय शे?" असंच विचारायचं आणि केसपेपरचा नंबर जुळवायचा. इन्सुलिनला लाल टोपीची ४०ची सिरिंज (मिलीलिटरला ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी) आणि केशरी टोपीची १००ची, दोन्ही मिसळून ठेवल्या. मिलीलिटरला १०० युनिटच्या बाटलीतून लाल सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत ओढलं की २० नाही, ५० युनिट जातात. पहिल्या दिवशी सहापैकी चौघींनी तेच केलं. एक रडली. रडू दे, टेबलावरच रडली.

वेगाला मार्क देणारे मोबाइल गेम मात्र नकोतच. वॉर्डात घाई शिकवावी लागत नाही.

आमच्या तेव्हाच्या प्राचार्य मॅडमना हे पटलं नाही. "आईबाप फी भरतात ते भातुकली खेळायला का?" सगळ्या स्टाफसमोर. मग वर्षभर पाचनंतर, दार लोटून खेळलो. इन्स्पेक्शन आलं तेव्हा मात्र त्याच टेबलाचा फोटो फाइलला, खाली 'नावीन्यपूर्ण अध्यापन'. फोटोत माझं फक्त कोपर दिसतं. मॅडम, भातुकली होती ना?

तुम्हीही शिकवत असाल तर एवढं बघा: खेळात जिंकली म्हणून कुणाला एकटीला ट्रे देऊ नका, पहिली इंजेक्शनं शेजारी उभं राहूनच. आणि खेळातली अँप्युल (इंजेक्शनच्या औषधाची काचेची कुपी) फुटकी असेल तर कडेला चिकटपट्टी लावा, माझ्या बोटाला दोन टाके आहेत.