जनुकाचा तुकडा गेला, मग ते जास्त काम कसं करतं? (ईजीएफआर एक्झॉन १९ डिलिशन)

ताई, तुमच्या आईंनी कधी विडी-सिगारेटला हात लावला नाही, तरी फुप्फुसाचा कर्करोग निघाला. रिपोर्टवर ‘ईजीएफआर एक्झॉन १९ डिलिशन’ आहे, म्हणजे ईजीएफआर जनुकाच्या एक्झॉन १९ या भागातला तुकडा गळला आहे. तुम्ही विचारलंत की जनुकाचा तुकडाच गळाला असेल तर ते बंद पडायला हवं, उलट जोरात कसं चालतं? आणि आम्हा भावंडांनी तपासणी करावी का? जनुकीय चाचण्यांच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काढली. तिथे नवी मुलंमुलीही नेमकी याच पहिल्या प्रश्नावर अडतात, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देते.

ईजीएफआर हे मुळात आपल्या गरजेचं जनुक आहे. त्याचं प्रथिन पेशीच्या पडद्यात आरपार रुतलेलं असतं, एक टोक बाहेर, एक आत. बाहेरून वाढीचा निरोप देणारा रेणू येऊन चिकटला की अशी दोन प्रथिनं जवळ येतात, आतल्या बाजूला एक दुसऱ्याला रेटून जागं करतं आणि शेपटांवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर (अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी) फॉस्फेट बसतात. तिथून ‘विभाजन करा’ हा निरोप केंद्रकापर्यंत जातो. काम झालं की पेशी ते प्रथिन आत ओढून मोडीत काढते. जखम भरते, त्वचा नवी होते ती यामुळेच. माणसात अशी ५८ प्रथिनं आहेत, त्यांना रिसेप्टर टायरोसिन कायनेज म्हणतात.

आता महत्त्वाचं. निरोप नसताना हे प्रथिन बंद असतं, आणि ते बंद राहावं अशी त्याची घडणच असते. आतल्या भागात मळसूत्रासारखा वळलेला एक दांडा आहे. तो बाहेर झुकलेला असेल तर काम होत नाही, आत वळला की होतं. या दांड्याच्या अगदी आधी अमिनो आम्लांची एक सैल दोरी आहे. एक्झॉन १९ मध्ये बहुतेक वेळा त्या दोरीतली पाच अमिनो आम्लं (७४६ ते ७५०) जातात. दोरी आखूड झाली की दांडा आत खेचला जातो आणि त्याला परत बाहेर झुकताच येत नाही. गेलेला तुकडा काम करणारा नव्हता, काम थांबवून ठेवायला मदत करणारा होता.

पाच अमिनो आम्लं म्हणजे डीएनएची १५ अक्षरं, तिनाच्या पटीत. १४ किंवा १६ गेली असती तर पुढचं सगळं वाचन चुकलं असतं, प्रथिन निकामी झालं असतं आणि दुसऱ्या प्रतीवर पेशीचं भागलं असतं. जनुक मोडणं सोपं आहे. बाकी सगळं शाबूत ठेवून फक्त लगाम तुटेल अशा जागा मोजक्याच असतात, म्हणून जगभरच्या रिपोर्टांत तेच तेच आकडे दिसतात. दुसरा नेहमीचा बदल एल८५८आर. तिथे एकच अक्षर बदलतं आणि ८५८ क्रमांकाच्या ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या जागी आर्जिनिन येतं. बंद अवस्थेतल्या खोबणीत ल्यूसिन नीट बसतं, मोठं आणि विद्युतभारित आर्जिनिन मावत नाही, म्हणून बंद घडी टिकत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआरचे दहातले आठ-नऊ बदल या दोहोंपैकीच असतात, आणि धूम्रपान न करणाऱ्यांत ते जास्त सापडतात. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक अशी बिघडली तरी पेशी बेलगाम व्हायला पुरते.

इतर जनुकांत वाटा वेगळ्या. हर२ मध्ये प्रथिन साधंच असतं, पण जनुकाच्या प्रती इतक्या वाढतात की पडद्यावर गर्दी होऊन जोड्या आपोआप जुळतात. एएलकेला दुसऱ्या जनुकाचा तुकडा चिकटतो, त्याने जोडी कायमची बांधली जाते. मेटमध्ये एक्झॉन १४ गळला की ‘मोडीत काढा’ ही खूणच जाते.

आईंच्या बाबतीत एक जमेची बाजू आहे. बदललेलं ईजीएफआर स्वतःचं इंधन, म्हणजे एटीपी, सैलपणे धरतं. जेफिटिनिबसारख्या गोळ्या त्याच जागेवर बसतात, म्हणून त्या बिघडलेल्या प्रथिनाला आधी गाठतात. हा संबंध २००४ मध्ये उलगडला. पुढे काही रुग्णांत टी७९०एम हा आणखी एक बदल येतो, एटीपीची पकड पुन्हा घट्ट होते आणि जुनी गोळी लागू पडेनाशी होते. ओसिमर्टिनिब हे औषध त्यासाठीच घडवलं गेलं, आता ते सुरुवातीपासूनही देतात. गोळ्यांनी अंगावर पुरळ आलं तर घाबरू नका, त्वचेतलं चांगलं ईजीएफआरही थोडं दबतं म्हणून ते येतं. डॉक्टरांना सांगा, गोळी आपणहून थांबवू नका.

आता तुम्हा भावंडांचं. हा बदल आईंच्या फुप्फुसातल्या एका पेशीत, त्यांच्या हयातीत झालेला असतो, त्या जन्मतः घेऊन आलेल्या नसतात. म्हणून तो तुमच्याकडे येत नाही आणि फक्त या रिपोर्टवरून तुमची चाचणी करायचं कारण नाही. घराण्यात उतरणारं ठळक उदाहरण आरईटी जनुकाचं. त्यात ६३४ क्रमांकाचं सिस्टीन हे अमिनो आम्ल बदलतं, त्याच्याशी जोडलेलं दुसरं सिस्टीन एकटं पडतं आणि शेजारच्या प्रथिनाशी कायमचं बांधलं जातं. अशा घरांत मुलांची चाचणी लहानपणीच करतात आणि कर्करोग होण्याआधी थायरॉईड काढून टाकतात. तुमच्या घरी कोणाला थायरॉईडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल, तर मात्र ते आईंच्या डॉक्टरांच्या कानावर जरूर घाला.