दुसऱ्या हातची झेड ९०० घेताना: ज्या गाडीला कोणी हात लावलेला नाही, ती निवडा

सांगलीहून विचारणाऱ्या सदस्याचा प्रश्न असा आहे की, सध्या ते केटीएम ३९० ड्यूक ही मोटारसायकल चालवतात आणि त्यांना बेळगावला २०१८ सालची, कर्नाटक पासिंगची कावासाकी झेड ९०० ही मोठी मोटारसायकल सव्वापाच लाखांना मिळत आहे. रनिंग वीस हजारांच्या आसपास असून गाडीला बाहेरचा पूर्ण एक्झॉस्ट आणि शेपटीचे मडगार्ड काढून लावलेले छोटे ब्रॅकेट आहे. विकणारा या बदलांवर दीड लाख खर्च केल्याचे सांगतो. गाडी घ्यावी का?

माझे मत आधी सांगतो. झेड ९०० अवश्य घ्या, परंतु ही गाडी या किमतीला घेऊ नका. ज्या दीड लाखाच्या बदलांकडे विक्रेता बोट दाखवत आहे, त्या बदलांमुळेच गाडीची किंमत कमी व्हायला हवी.

झेड ९०० भारतात २०१७ मध्ये आली. चार सिलिंडरांचे ९४८ सीसी इंजिन, १२५ पीएस ताकद आणि ९८.६ न्यूटन मीटर टॉर्क हे आकडे तुम्हाला पाठ असतीलच. या इंजिनाची ख्याती मजबुतीची आहे. वेळेवर तेल बदलले आणि कूलंटकडे लक्ष दिले तर वीस हजार किलोमीटर हे त्याच्यासाठी काहीच नाही. म्हणून या मॉडेलच्या बाबतीत इंजिन कितपत टिकेल ही चिंता दुय्यम आहे. आधीच्या मालकाने गाडीचे काय काय केले, ही चिंता पहिली. अशी उघडी (पुढे-बाजूला आवरण म्हणजे फेअरिंग नसलेली), बसायला सोपी आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटरची मूठ) फिरवताच पळणारी गाडी बहुतेक वेळा पहिली ‘मोठी’ गाडी म्हणून घेतली जाते, आणि पहिल्या मोठ्या गाडीवर लोक हौसेने सगळे प्रयोग करून पाहतात.

एक्झॉस्टचेच घ्या. पूर्ण सिस्टीम बदलताना कंपनीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील प्रदूषण कमी करणारा भाग) निघतो आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचे व इंधनाचे गणित बदलते. ते गणित ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) नव्याने बसवले नसेल तर मिश्रण पातळ राहते, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके वाजतात आणि इंजिन जास्त तापते. बसवले असेल तर ते कोणी, कोणत्या यंत्रावर आणि डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चाचणी घेऊन बसवले, याचा कागद विक्रेत्याकडे असायला हवा. तो क्वचितच असतो. शिवाय पीयूसी आणि आवाजाच्या कारवाईचा प्रश्न वेगळाच. आपल्याकडील शहरांत असे सायलेन्सर पोलीस काढून घेतात, आणि तेव्हा हातात मूळ सायलेन्सर नसेल तर गाडी दारात उभी राहते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा की मूळ एक्झॉस्ट, मूळ मडगार्ड, इंडिकेटर आणि आरसे घरी आहेत का. नसतील तर ते सुटे भाग नव्याने घेण्याचा खर्च अधिकृत केंद्राकडून लेखी मागवा आणि तो सरळ किमतीतून वजा करा. शेपटीचे ब्रॅकेट लावताना वायरी कापून टेपने जोडलेल्या असतात, त्यामुळे सीट काढून तेथील जोड स्वतः पाहा. पावसाळ्यात अचानक बंद पडणाऱ्या कित्येक गाड्यांचे कारण तेथेच सापडते.

गाडी पाहायला जाताना सकाळी जा आणि इंजिन आधी सुरू करून ठेवू नये, असे स्पष्ट सांगा. गेल्यावर इंजिनावर हात ठेवून ते गार असल्याची खात्री करा, कारण थंड इंजिन सुरू होताना जो आवाज येतो तो नंतर लपतो. सुरुवातीची थोडी खडखड चालते, पण तापल्यावरही टिकटिक राहिली तर व्हॉल्व्हचे अंतर तपासावे लागेल. हे काम छोटे नाही. टाकी आणि एअरबॉक्स उतरवावे लागतात, आणि अंतर बिघडलेले निघाले तर शिम (ते अंतर ठरवणाऱ्या चकत्या) बदलण्यासाठी व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्टही काढावे लागतात. सर्व्हिस पुस्तिकेत त्याची मुदत कधी आहे आणि ते काम झाले आहे का, हे बिलावर पाहा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

गाडी पडली होती का, हे शोधणे सोपे आहे. उघड्या गाडीला फेअरिंग नसल्याने ओरखडे थेट हँडलच्या टोकांवर, लिव्हरच्या गोळ्यांवर, फूटपेगच्या टोकांवर आणि इंजिनाच्या बाजूच्या झाकणांवर उमटतात. हे भाग एकाच बाजूला नवे दिसले तर कारण विचारा. उभ्या गाडीचा तोल जाऊन ती पडली असेल तर माझी हरकत नसते. दोनशे दहा किलोची गाडी कधी ना कधी कोणाच्याही हातून आडवी होते. खरी खूण स्टिअरिंगच्या मानेजवळ असते. हँडल पूर्ण डावीकडे आणि उजवीकडे वळवल्यावर जेथे ते अडते, तो फ्रेमवरचा थांबा चेपलेला, वाकलेला किंवा नव्याने रंगवलेला असेल तर अपघात मोठा होता असे समजा आणि परत या. चॅसिस क्रमांकही तेथेच कोरलेला असतो, तो आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. पुढचे चाक फिरवून रिमच्या कडेला खड्ड्याचा मार बसला आहे का ते पाहा, फोर्कच्या (पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या) चकचकीत नळीवर बोट फिरवून तेलाचा थर लागतो का ते पाहा, आणि रेडिएटरच्या पट्ट्या दगडांनी किती वाकल्या आहेत तेही पाहा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते आणि टायरच्या बाजूवरील चार आकडी खुणेवरून तो कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यातला आहे ते कळते. वीस हजार चाललेल्या गाडीवर २०१८ चेच मूळ टायर असतील तर एकतर रनिंग खोटे आहे किंवा गाडी नुसती उभी होती, आणि दोन्ही परिस्थितींत टायर बदलावेच लागतील.

मल्टिमीटर सोबत न्या. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या पुढे आणि चार-पाच हजार आरपीएमवर चौदा-साडेचौदाच्या घरात दिसली की चार्जिंग ठीक आहे.

आता कागद. कर्नाटक पासिंग म्हणजे स्वस्ताई असा समज आहे, तो तुमच्या बाबतीत खरा ठरत नाही. तेथील आरटीओकडून ना-हरकत प्रमाणपत्र (नमुना २८), हस्तांतराचे नमुने २९ आणि ३०, महाराष्ट्राचा नवा क्रमांक मिळवण्यासाठी नमुना २७, आणि गाडीच्या वयानुसार येथे भरावा लागणारा कर, हे सगळे तुमच्या अंगावर येते. जुन्या राज्यातील कराचा परतावा मागता येतो, परंतु तो मिळेल असे धरून व्यवहाराचे गणित मांडू नये. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली तर तेथला क्रमांक घेणे मोटार वाहन कायद्यानुसार बंधनकारक आहे, त्यामुळे ‘केए पासिंगवरच चालवा, कोणी विचारत नाही’ हा सल्ला देणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावे. कर्ज असल्यास बँकेचे पत्र आणि नमुना ३५ (आरसीवरील कर्जाची नोंद काढण्याचा) हातात आल्याशिवाय विसारही देऊ नका. परिवहन पोर्टलवर प्रलंबित चलने, विम्याची मुदत आणि कर्जाची नोंद पाहायला फार वेळ लागत नाही. गाडी एप्रिल २०१९ पूर्वीची असल्याने उच्च सुरक्षा नोंदणी पाटीचाही विचार करावा लागेल. नव्या क्रमांकासोबत ती घ्यावीच लागणार आहे.

विम्याबाबत लोक सर्वाधिक गाफील राहतात. आरसी तुमच्या नावावर आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर अशी स्थिती राहिली, तर गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्या. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) हा मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तो विक्रेत्याकडेच राहील आणि फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागेल. ३५० सीसीवरील दुचाकीचा तृतीय पक्ष विमा (फक्त दुसऱ्याच्या नुकसानीपुरता) २०२२ च्या दरानुसार वर्षाला २,८०४ रुपये अधिक कर इतकाच आहे, पण या किमतीच्या गाडीला तेवढ्यावर ठेवणे मला मान्य नाही.

जुने आणि नवे मॉडेल यांतील निवड मला येथे सर्वांत महत्त्वाची वाटते. बीएस ४ (जुन्या प्रदूषण मानकाच्या) काळातील, म्हणजे २०१७ ते २०२० च्या सुरुवातीपर्यंतच्या झेड ९०० मध्ये एबीएस आहे, पण ट्रॅक्शन कंट्रोल (मागचे चाक घसरू न देणारी यंत्रणा) नाही आणि पावसासारख्या परिस्थितीनुसार निवडायचे रायडिंग मोडही नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या बीएस ६ गाडीत दोन्ही मिळाले, सोबत रंगीत टीएफटी पडदा आणि एलईडी दिवे आले. तुमच्या ड्यूकची ताकद साधारण ४३ पीएस आहे. तेथून जवळपास तिप्पट ताकदीवर जाताना, आंबा घाटात जुलैच्या पावसात मागच्या चाकाखाली काय आहे याचा अंदाज मनगटाने घेण्यापेक्षा रेन मोड असलेला बरा. अनुभवी चालक जुनी गाडीही सुखाने चालवतात, मीही चालवली आहे आणि तिचा थ्रॉटल अगदी आज्ञाधारक आहे. तरीही पहिल्या मोठ्या गाडीसाठी लाखभर रुपये जास्त मोजून २०२० नंतरची, महाराष्ट्र पासिंगची, कंपनीतून आली तशी राहिलेली गाडी शोधावी, हेच मी सांगेन. ट्रायम्फची स्ट्रीट ट्रिपल हाताळणीत अधिक चपळ आहे, पण सुटे भाग आणि सर्व्हिस केंद्राचे अंतर पाहूनच तिच्या वाटेला जा.

खर्चाची कल्पना असू द्या. मागचा १८०/५५ टायर चालवण्याच्या पद्धतीनुसार सहा ते दहा हजार किलोमीटर टिकतो आणि एक चांगला टायर पंधरा ते वीस हजारांच्या घरात जातो. इंधन लिटरला सोळा ते वीस किलोमीटर. टायरमधील हवा पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय ठेवा, चेन दर पाचशे किलोमीटरला स्वच्छ करून तेल द्या, कारण चेन-स्प्रॉकेटचा संच ड्यूकच्या हिशेबाने स्वस्त नाही. शहराच्या गर्दीत पंखा सुरू झाला की गरम हवा मांड्यांवर येते, आणि हे कोणत्याही बदलाने जात नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर दुचाकीला प्रवेशच नाही, म्हणजे या गाडीचा कमाल वेग वापरायला आपल्याकडे तसाही रस्ता नाही. वारा छातीवर घेत शंभर-एकशेदहाच्या पुढे फार वेळ बसवतही नाही. तिची खरी मजा मधल्या आरपीएममध्ये आहे: सहाव्या गियरमध्ये पन्नासला असताना नुसता थ्रॉटल उघडला तरी ती कुरकुर न करता ओढत जाते, आणि कराड-चिपळूणसारख्या वळणांच्या रस्त्यावर गियर बदलण्याची गरजच कमी भासते.

बेळगावच्या गाडीकडेच मन ओढत असेल, तर विक्रेत्याकडून मूळ भाग, सर्व बिले आणि ना-हरकत प्रमाणपत्र या तीन गोष्टी मागा, अधिकृत केंद्रात स्वतःच्या खर्चाने तपासणी करून घ्या आणि चॅसिस क्रमांकावर कंपनीचे कोणते रिकॉल काम (दोष निघाल्याने कंपनीने मोफत करून द्यायची दुरुस्ती) बाकी आहे का तेही तेथेच विचारा. तपासणीला तो नकार देत असेल तर बोलणी तेथेच थांबवा. सगळे नीट निघाले तरी मी पावणेपाच लाखांच्या वर जाणार नाही, आणि रस्ताकर, टायर, विमा व पहिली मोठी सर्व्हिस यांसाठी लाखभर रुपये त्या किमतीबाहेर वेगळे ठेवीन.