पहिल्या परिषदेला निघालीस, म्हणून

अगं, पीपीटी दहादा तपासलीस ना? आता जरा दुसरं. सत्रं सुरळीत पार पडतात. गडबड होते ती रात्रीच्या जेवणानंतर, गेस्ट हाउसच्या व्हरांड्यात, "तुझ्या पेपरवर खोलीत निवांत बोलू" अशा वाक्यात. पेपरवर बोलायला चहाच्या टेबलापाशी भरपूर जागा असते. तेवढंच म्हणायचं, कारणं देत बसायचं नाही.

माझ्या वेळी एका ज्येष्ठांनी खांद्यावर ठेवलेला हात काढलाच नाही. मी हसून वेळ मारून नेली. पुढे सांगायची वेळ आली तेव्हा तारखेपलीकडे धड काही आठवेना. म्हणून त्याच रात्री लिहून ठेव: वेळ, जागा, नेमके शब्द, आजूबाजूला कोण होतं. मेसेज डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट मैत्रिणीकडे पाठवून ठेव.

तक्रार संस्थेतल्या अंतर्गत समितीकडे (लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी समिती), लेखी, घटनेपासून ३ महिन्यांत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कामानिमित्त गेलेली ठिकाणंही धरतो. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१५ चे विनियम विद्यार्थ्यांसाठीही आहेत, मुलग्यांसाठीसुद्धा. तेव्हा "बाहेरगावी झालं, आमचा काय संबंध?" हे ऐकून परत फिरू नकोस. चौकशीला ९० दिवसांची मुदत आहे.

गाईडला आधी सांगावं का? भरवशाचा असेल तर जरूर. पण त्याची परवानगी लागत नाही, हे पक्कं डोक्यात ठेव.

आणि आयोजकांना आजच मेल टाक: तक्रार कुणाकडे करायची, त्यांचा नंबर काय. उत्तर आलं नाही, तर मुक्काम मैत्रिणीबरोबर, स्वतः बघितलेल्या जागी.