पद्मिनी की अँबॅसेडर? आधी गंज बघ

अरे, जुनी गाडी घ्यायची तर प्रीमियर पद्मिनी की अँबॅसेडर, असं विचारतोस ना? अँबॅसेडर २०१४पर्यंत बनत होती, म्हणून सुटे भाग त्यातल्या त्यात सहज मिळतात. तरी वास्कोत खाऱ्या वाऱ्यावर उभ्या राहिलेल्या अँबॅसेडरपेक्षा फोंड्यातली छपराखालची पद्मिनी मी डोळे मिटून घेईन. बरं, मिटून नको! दोन्हींना वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा नाही, भार बॉडीच पेलते. दाराखालचा पत्रा कुजला की दारं नीट बसत नाहीत. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून चाकांच्या कमानींवर फिरव. जिथे चिकटत नाही, तिथे कुजका पत्रा पुट्टी भरून झाकलेला. मॅट उचलून बघच. माझ्या पहिल्या गाडीत मॅटखाली काळ्याकुळकुळीत रंगाचा ताजा थर होता. स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि भोकातून खालचा रस्ता दिसला. इंजिनाचं नंतर बघू, ते दुरुस्त होतं. आणि पाहायला जायचं तर भर पावसात जा, म्हणजे पाणी कुठून आत येतं ते दिसेल.