जात जर्मन म्हणून कमांडही जर्मन?

तुमची अडचण थोडक्यात अशी: पाच महिन्यांची जर्मन शेफर्ड, ट्रेनरचा हट्ट की 'जात जर्मन, तर कमांडही जर्मनच', आणि सासूबाईंच्या तोंडी 'प्लाट्झ' (म्हणजे 'आडवी हो') काही केल्या बसत नाही.

ट्रेनरने दिलेलं कारण सोडून द्या. ही जात जर्मनीत १८९९ पासून माक्स फॉन श्टेफानित्झ या घोडदळातल्या अधिकाऱ्याने नावारूपाला आणली, पण म्हणून पिल्लाच्या रक्तात जर्मन उतरत नाही. अमेरिकेतले पोलीस जर्मन, डच, चेक शब्द वापरतात ते सोयीसाठी. त्यांची बरीच कुत्री युरोपातून शिकूनच येतात, आणि कुत्र्याला सगळं नव्याने शिकवण्यापेक्षा पोलिसाने दहा शब्द पाठ केलेले परवडतात. चोराला हुकूम देता येऊ नये म्हणून, हे ऐकायला झकास आहे. पण 'सिट्झ' (म्हणजे 'बस') चोरालाही गूगलवर मिळतं. मुळात ज्या स्पर्धांतून हे शब्द जगभर गेले, त्या आयजीपी नावाच्या कुत्र्यांच्या स्पर्धांमध्येसुद्धा कमांड कुठल्याही भाषेत चालते. एका कामाला एकच शब्द हवा, एवढंच.

परक्या शब्दाचा खरा फायदा वेगळाच आहे. तो घरात एरवी कुणी उच्चारत नाही. आपला 'बस' बघा. 'बस झालं आता', 'बस चुकली', 'जरा बस ना'. दिवसातून पन्नास वेळा हा शब्द पिल्लाच्या कानावरून जातो आणि त्यातल्या एकोणपन्नास वेळा त्याने काही करायचं नसतं. मग पन्नासाव्या वेळी ते का बसेल? 'ये', 'थांब', 'चल' यांचंही तेच.

माझ्या पहिल्या कुत्र्याच्या वेळी मी याची उलटी माती केली. मी म्हणायचो 'सिट्झ', बाबा 'सिट', आई 'बस रे बाळा'. तो शांतपणे तिघांचं ऐकून घ्यायचा आणि तिसऱ्या शब्दाला बूड टेकायचा. आम्हाला वाटायचं हट्टी आहे. एकदा आईचा घसा बसला होता, तिने नुसती बिस्किटाची चिमूट त्याच्या नाकावरून मागे नेली आणि साहेब लगेच खाली! तो शब्द ऐकतच नव्हता, हात बघत होता. बहुतेक कुत्र्यांना शब्दापेक्षा हाताची खूण आधी कळते, तेव्हा घरातल्या सगळ्यांचा हात सारखाच हलू द्या.

तुमचं पिल्लू 'सिट्झ' शिकलंय ना? मग तो शब्द राहू दे, सासूबाईंना तो जमेल. फक्त 'प्लाट्झ' बदला. आधी नवा शब्द म्हणायचा, एक श्वास थांबायचं, मग जुना शब्द, ती आडवी झाली की खाऊ. क्रम चुकवू नका. जुना शब्द आधी आला तर नव्याकडे ती लक्षच देणार नाही. रोज पाच मिनिटं केलंत तर काही दिवसांत ती जुन्याची वाट न बघता आडवी होईल. नवा शब्द 'हाड' मात्र नको, फाटकावरच्या भटक्यांना सासूबाई तेच म्हणत असणार!

कौतुक खुशाल मराठीत करा. २०१६ साली बुडापेस्टच्या संशोधकांनी कुत्र्यांना एमआरआयमध्ये पडून राहायला शिकवून मेंदू तपासले होते. शब्द कौतुकाचा आणि सूरही कौतुकाचा, असं दोन्ही जुळलं तेव्हाच मेंदूतला खुशीचा भाग जागा झाला. 'शाब्बास गं माझी बाय' हे सासूबाई ज्या सुरात म्हणतील, तो सूर तुमच्या ट्रेनरच्या 'सो इस्ट ब्राव' या जर्मन शाबासकीला यायचा नाही.

आमच्याकडे आता दुसरी कुत्री आहे. तिचा आडवं होण्याचा शब्द आईनेच ठरवला: 'निज'. सोसायटीतली पोरं हसतात, पण ती पहिल्या हाकेला निजते.