वाचकांचे प्रश्न: डंखच नाही, मग घर कसं राखतात?

प्रश्न: डंख नसलेल्या मधमाश्यांबद्दल ऐकलं. मध लुटायला कोणी आलं तर त्या बिचाऱ्या काय करतात? आणि त्यांच्यातही राणी, कामकरी माश्या असा प्रकार असतो का?

उत्तर: बिचाऱ्या अजिबात नाहीत हो. डंखाचा बारीकसा अवशेष असतो पण टोचायच्या कामाचा नाही, मग त्या काय करतात तर केसांत शिरतात, कानात, डोळ्यांत घुसतात, कडाडून चावतात, आणि झाडांचा चिकट डिंक आणून शत्रूच्या अंगावर थापतात. ऑक्सिट्रायगोना नावाच्या मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या माश्या तर चावताना फॉर्मिक अ‍ॅसिड सोडतात, कातडी भाजल्यासारखी होते. ऑस्ट्रेलियात घुसखोर भुंगेऱ्यांना जिवंतपणीच मेण, डिंक आणि चिखलात लिंपून टाकताना पाहिलंय, भुंगेरा जागच्या जागी ममी!

ब्राझीलमधल्या जाताई नावाच्या चिमुकल्या माशीत तर खास शिपाई असतात, बाकीच्या कामकऱ्यांपेक्षा साधारण ३० टक्के वजनदार, हे २०१२ मध्ये लक्षात आलं. काही जणी दाराच्या मेणाच्या नळीवर उभ्या आणि काही दारासमोर हवेत तरंगत पहारा देतात. त्यांचा मोठा वैरी म्हणजे लेस्ट्रिमेलिटा, ही पण डंख नसलेलीच मधमाशी पण फुलांवर जातच नाही, दुसऱ्यांची घरं लुटून जगते. तिच्या अंगाला लिंबासारखा वास येतो, तो आला की शिपाई धावून जातात आणि तिचा पंख जबड्यात पकडतात, मग मरेपर्यंत सोडत नाहीत.

आता राणीचं. मला विचाराल तर खरी गंमत इथे आहे. नेहमीच्या मधमाश्या अळीला रोज भरवतात, इथे तसं नाही. कोठडी तयार झाली की कामकरी माश्या एकामागून एक डोकं आत घालून पातळ खाणं ओततात, राणी शेजारीच उभी, मग बऱ्याच जातींत एखादी कामकरी त्यात स्वतःचं अंडं घालते आणि राणी ते सरळ खाऊन टाकते, मग थोडं खाणंही चाखते आणि आपलं अंडं त्या पातळ खाण्यावर उभं ठेवून निघून जाते. लगेच एक कामकरी गोल गोल फिरत कोठडीचं तोंड मेणाने बंद करते. संपलं! आतली अळी माशी होऊन बाहेर येईपर्यंत कोणी उघडून बघत नाही.

ह्याचा परिणाम बघा. बऱ्याच जातींत राणीसाठी मोठी कोठडी असते, जास्त खाणं मिळालं की राणी. पण मेलिपोना गटात सगळ्या कोठड्या सारख्याच, खाणंही तेवढंच, त्यामुळे आत कोण तयार होतंय ह्यावर बाहेरच्यांचा कंट्रोलच नाही. परिणामी कधीकधी माद्यांपैकी चौथा हिस्सा राण्याच निघतात! एवढ्या राण्यांचं करायचं काय? कामकरी माश्या त्यांना मारून टाकतात, बहुतेकींना तर जन्मल्यावर थोड्याच वेळात. क्रूर वाटेल पण राणी ना मध गोळा करते ना घर बांधते, तिला फुकट पोसणं परवडणार नाही.

प्रश्न: ह्यांचं नवीन पोळं कसं सुरू होतं? जुनी राणी थवा घेऊन उडून जाते का?

उत्तर: नाही, नेमकं उलटं. अंडी घालणाऱ्या राणीचं पोट इतकं फुगलेलं असतं की तिला उडताच येत नाही, म्हणून आई घरीच राहते आणि लेक बाहेर पडते. तेही एकदम नाही. कामकरी आधी झाडाची ढोली किंवा भिंतीतली पोकळी शोधतात, आणि जुन्या घरातून मेण, डिंक, मध, परागकण असं सगळं नेत राहतात, वेगळं बिऱ्हाड केलेल्या मुलीला आईकडून डबे जातात तसं, काही वेळा हे आठवडेच्या आठवडे चालतं. सगळं नीट झालं की तरुण राणी तिथे जाते आणि मग उडून नराशी मीलन करते, बहुतेक जातींत एकाच नराशी.

प्रश्न: ह्यांचा मध पातळ आणि आंबट का असतो? भेसळ म्हणायची का?

उत्तर: लगेच भेसळ म्हणू नका. त्यात पाणीच जास्त असतं, नेहमीच्या मधात साधारण २० टक्क्यांपेक्षा कमी तर ह्यात २५ ते ३५ टक्के, त्यामुळे तो हळूहळू आंबतो. साठवण षटकोनी घरांत नसते, मेण आणि डिंकाच्या गोल मडक्यांत असते, मधाची मडकी वेगळी, परागकणांची वेगळी. मध काढायला मडकं फोडावं लागतं किंवा सिरिंजने ओढावा लागतो, आणि काढल्यावर फ्रिजमध्ये ठेवलेला बरा, नाहीतर फेस येऊन बाटलीचं झाकण उडायचं.